मधल्या पायरीचं काय?

विद्युत मोटरी बनवणाऱ्या एका कंपनीत मी २७ वर्षं खरेदी विभागात होते. त्यातली शेवटची १६ वर्षं चुंबकांची खरेदी माझ्याकडे होती. गेल्या अंकात त्या कामाबद्दल आणि या चुंबकांना लागणाऱ्या रेअर अर्थ धातूंबद्दल लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देते आहे.

ताई, रेअर अर्थ मूलद्रव्यं खरं तर दुर्मिळ नाहीत असं तुम्ही लिहिलं आहे. मग जगभर साठे असताना सगळे एकाच देशाच्या, चीनच्या, दारात का उभे आहेत?
— रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, बी.एस्सी. दुसरं वर्ष

आवर्तसारणीच्या खाली वेगळी काढून ठेवलेली लॅन्थेनाइडांची ओळ तुला पाठ असेल. ती १५, त्यांत स्कँडियम आणि यिट्रियम मिळवले की १७. भूकवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतकं आहे, म्हणजे नावातलं ‘रेअर’ फसवं आहे. दुर्मिळ असतं ते यांचं सुटं सापडणं. खनिजात ही सगळी भावंडं एकत्र नांदतात आणि रासायनिक स्वभाव बहुतेकांचा एकच: तीन इलेक्ट्रॉन दिले की झालं. शेजारच्या दोघांच्या आयनांच्या आकारात फरक असतो जेमतेम एक-दोन टक्क्यांचा. तेवढ्याशा फरकाच्या जोरावर डिस्प्रोसियम एका टाकीत आणि होल्मियम दुसऱ्या टाकीत न्यायचं असतं.

ते कसं करतात, हे प्रयोगशाळेतल्या पृथक्करण नरसाळ्यावरून तुला कळेल. आम्लात विरघळवलेलं खनिज आणि खास रसायन मिसळलेलं केरोसीनसारखं तेल एकत्र घुसळायचं, मग स्थिर होऊ द्यायचं. एक मूलद्रव्य तेलात किंचित जास्त उतरतं, दुसरं किंचित कमी. हे एकदा करून काही हाती लागत नाही. शेकडो टाक्या एकापुढे एक लावून, तेल एका बाजूने आणि पाणी दुसऱ्या बाजूने सोडून तेच पुन्हा पुन्हा करायचं. अशी रांग भरून स्थिर व्हायलाच कित्येक आठवडे जातात. मधेच आम्लाचं प्रमाण चुकलं तर सगळं मुसळ केरात.

पेकिंग विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ शू ग्वांगश्यान यांनी १९७० च्या दशकात या टाक्यांचं गणित बसवलं. टाक्या किती हव्यात, कुठला प्रवाह किती सोडायचा, हे कागदावर काढून थेट कारखान्याचा आराखडा करता येऊ लागला. २००८ चा चीनचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार त्यांना मिळाला. एका माणसाच्या विद्वत्तेवर देश उभा राहत नाही हे खरं. पण ते गणित वापरणारे इंजिनिअर आणि टाकीचा रंग बघून काय बिघडलंय ते ओळखणारे कामगार तिथे पिढीदरपिढी तयार झाले.

हे ज्ञान इतरांकडे नव्हतं असं मात्र समजू नकोस. फ्रान्समधल्या ला रोशेल इथला विलगीकरण कारखाना १९८० च्या दशकात जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत होता. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण त्याआधी दोन दशकं जगाचा मुख्य पुरवठादार होती. खनिजाबरोबर थोरियम येतं, ते किरणोत्सारी. त्याची विल्हेवाट आणि सांडपाणी यांचा खर्च वाढत गेला. माउंटन पासच्या सांडपाण्याच्या नळातून गळत्या झाल्या, १९९८ मध्ये तिथलं विलगीकरण थांबलं आणि २००२ मध्ये खाणही. तोवर चीनचा माल इतका स्वस्त झाला होता की कुणालाच काही अडलं नाही. घाण दुसऱ्याकडे गेली, तिच्यामागोमाग कसबही गेलं.

त्या वर्षांत माझ्यासारख्या खरेदीदारांनी ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या कोटेशनवर सह्या केल्या. नियमच तसा होता आणि मलाही तो योग्यच वाटत होता. आता वाटतं, कोटेशनांच्या त्या तक्त्यात एक रकाना कमी होता: हा पुरवठादार उद्या नाही म्हणाला तर दुसरा कोण?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ मध्ये २० महत्त्वाच्या खनिजांचा आढावा घेतला. त्यांपैकी १९ खनिजांच्या शुद्धीकरणात चीन पहिला आहे आणि त्याचा सरासरी वाटा ७० टक्के आहे. शुद्धीकरणात, म्हणजे खाण आणि तयार वस्तू यांच्या मधल्या पायरीत, हे लक्षात ठेव. लिथियमचा दगड सर्वांत जास्त ऑस्ट्रेलियात निघतो, पण त्यातला बहुतेक जहाजाने चीनला जातो आणि तिथे त्याचं बॅटरीत घालण्याजोगं रसायन होतं. नकाशात खाणी दाखवतात. तू या टाक्या कुठे आहेत ते शोध.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने रेअर अर्थच्या निर्यातीवर बंदी घातली असं सगळीकडे वाचलं. आमच्या कारखान्याला चुंबकं उशिरा मिळाली, पण मिळाली. मग ती बंदी होती की नव्हती?
— उत्पादन विभागातला एक इंजिनिअर

बंदी नव्हती, परवाना होता. आणि माझ्या मते परवाना जास्त जाचक. ४ एप्रिल २०२५ पासून सॅमॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम या सातांना आणि ती असलेल्या चुंबकांना निर्यात परवाना लागू झाला. अर्जात तुमचा ग्राहक कोण, चुंबक कुठल्या यंत्रात बसणार, हे लिहून द्यावं लागतं. बंदी आली की माणूस चटकन दुसरी वाट धरतो. परवान्यात तो वाट बघत राहतो, आणि वाट बघताना आपल्या धंद्याची सगळी माहिती समोरच्याला देतो. त्या मे महिन्यात काही देशांतल्या मोटारगाड्यांच्या कारखान्यांना उत्पादन थांबवावं लागलं. ९ ऑक्टोबरला नियम आणखी कडक केले गेले, ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये अमेरिका आणि चीनचे राष्ट्राध्यक्ष भेटल्यावर ते वर्षभरासाठी स्थगित झाले. एप्रिलची यादी मात्र तशीच राहिली.

तुम्ही बघा, नियोडिमियम, म्हणजे या चुंबकांतला मुख्य रेअर अर्थ धातू, त्या यादीत नाही. तरी नियोडिमियमची चुंबकं अडली, कारण मोटर तापते. दीडशे अंशांवर साधं नियोडिमियम चुंबक आपलं चुंबकत्व सोडू लागतं. ते टिकवायला थोडंसं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालावं लागतं. भाजीत मीठ जितकं, तितकंच. पण मिठाविना भाजी उतरवता येत नाही.

मी हे सगळं एकदा पाहिलेलं आहे. सप्टेंबर २०१० मध्ये, चीन आणि जपान दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौका आणि जपानी तटरक्षक दल यांची टक्कर झाली आणि जपानला जाणारं रेअर अर्थ जवळजवळ दोन महिने अडलं. पुढच्या वर्षभरात भाव अनेक पटींनी चढले. माझ्याकडे येणाऱ्या कोटेशनवर आधी ‘वैधता ९० दिवस’ असायचं. ते ३० झालं, मग ७, आणि २०११ च्या उन्हाळ्यात एका कागदावर ‘वैधता २४ तास’ असं आलं. मी तो कागद वर सह्यांसाठी पाठवला. चौथी सही होईपर्यंत दोन दिवस गेले होते आणि भाव बदलला होता. माझ्याकडे ४५ दिवसांचा साठा होता. रात्री झोपेतही मी तो मोजायची.

आम्हाला तेव्हा वाचवलं ते आमच्याच डिझाइन विभागातल्या एका तरुण मुलीने. तिने विचारलं, “प्रत्येक मोटरला आपण एसएच ग्रेडच का मागतो?” एसएच म्हणजे दीडशे अंश सोसणारं चुंबक, एच म्हणजे एकशेवीस. पंख्याच्या हवेत थंड राहणाऱ्या मोटरींनाही आम्ही सरसकट एसएच घालत होतो, कारण कधी काळी कुणीतरी ड्रॉइंगवर तसं लिहून ठेवलं होतं. तिने मोटरी एकेक करून तापवून पाहिल्या. निम्म्याहून जास्त मोटरींना एच पुरत होतं. मोठ्या कंपन्यांनीही हाच मार्ग पुढे खूप लांबवर नेला. होंडाने २०१६ मध्ये जड रेअर अर्थ, म्हणजे डिस्प्रोसियम-टर्बियमसारखी मूलद्रव्यं, अजिबात नसलेली चुंबकं हायब्रिड गाडीच्या मोटरीत बसवली. तुम्ही उत्पादनात आहात, तर ड्रॉइंगवरचा ग्रेड कुणी आणि का लिहिला, हे या आठवड्यातच विचारून बघा.

जपानने देश म्हणून जे केलं ते फार शिकण्यासारखं आहे. २०११ मध्ये सोजित्झ ही व्यापारी कंपनी आणि जॉगमेक ही सरकारी संस्था यांनी मिळून लायनस या ऑस्ट्रेलियन कंपनीत २५ कोटी डॉलर घातले, बहुतांश कर्जरूपाने. खाण ऑस्ट्रेलियात माउंट वेल्डला, टाक्या मलेशियात, खरेदीदार जपानमध्ये. पुढे भाव कोसळले आणि लायनस बुडायला आली तेव्हा जपानने वसुलीचा तगादा लावला नाही. २०१६ मध्ये व्याज कमी करून मुदत वाढवून दिली. जपानचं चीनवरचं अवलंबित्व सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास आलं ते या चिकाटीने. आणि वेळ किती लागला तेही पाहा: लायनसच्या मलेशियातल्या कारखान्यातून डिस्प्रोसियम ऑक्साइड पहिल्यांदा बाहेर पडलं मे २०२५ मध्ये. २०१० च्या त्या टकरीला तेव्हा १५ वर्षं होत आली होती.

मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त शिकवला: ज्याला जे तुलनेने स्वस्तात जमतं ते त्याने बनवावं, बाकीचं विकत घ्यावं. आता जो तो देश ‘आपल्या गटातूनच घ्या’ म्हणतो आहे, शुल्कं लावतो आहे, अनुदानं वाटतो आहे. हे सगळ्यांनाच महाग पडणार नाही का? जागतिक व्यापार संघटना कशासाठी आहे मग?
— अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक

सर, महाग पडणार, यात वाद नाही. तुमचा सिद्धान्तही मला मान्य आहे. पण व्यापार संघटनेच्या वाटेने जाऊन काय झालं, ते आधी पाहू. मार्च २०१२ मध्ये अमेरिका, युरोपीय संघ आणि जपान यांनी चीनच्या निर्यात कोट्यांविरुद्ध तक्रार केली. २०१४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०१५ च्या सुरुवातीला चीनने कोटे काढले. कायदा जिंकला. पण तोवर भाव इतके उतरले होते की माउंटन पास पुन्हा उभी करायला मोठं कर्ज काढलेल्या मॉलिकॉर्प कंपनीने त्याच जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. व्यापार मोकळा झाला आणि दुसरा पुरवठादार मेला. माझ्या खरेदीच्या टेबलावरून मला एवढंच दिसत होतं, की स्वस्त माल परत आलाय आणि पुन्हा एकाच दारातून आलाय. शिवाय डिसेंबर २०१९ पासून संघटनेचं अपील मंडळच बंद पडलेलं आहे, कारण अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून ठेवल्या. आज निकाल लागला तरी हरलेला पक्ष अपील करून तो लटकत ठेवू शकतो.

म्हणून देशांच्या गटांनी आपापसांत केलेले प्रादेशिक करार. यांना माझा पाठिंबा आहे, पण त्यांची मोजपट्टी बहुतेक ठिकाणी चुकीची आहे आणि त्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे. माल कुठला धरायचा, हे ‘मूळ देशाच्या नियमां’वरून ठरतं. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आशिया-पॅसिफिकमधल्या १५ देशांच्या आरसेप या व्यापार करारात साधारणपणे ४० टक्के मूल्य त्या प्रदेशात तयार झालेलं असलं की पुरतं. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या २०२० च्या करारात मोटारगाडीसाठी ही अट ७५ टक्के आहे, जुन्या नाफ्ता करारात ती ६२.५ होती. ऐकायला कडक. पण मोजतात किमतीत! विजेवरच्या गाडीत चुंबक एक-दोन किलोचं. गाडीच्या एकूण किमतीत त्याचा वाटा इतका लहान की ७५ काय, ९० टक्क्यांची अट घातली तरी चुंबक बाहेरून आणून गाडी ‘प्रादेशिक’ ठरेल. मूळ देशाचा दाखला चोख, आणि गाडी तरी एका परवान्यावर अडलेली. असे दाखले मी फाइलला लावले आहेत. सगळे खरे होते, पण माझा धोका त्यांतल्या एकानेही कमी झाला नव्हता.

युरोपीय संघाच्या महत्त्वाच्या कच्च्या मालाच्या कायद्याने इथे बरोबर जागी बोट ठेवलं. मे २०२४ पासून लागू झालेल्या त्या कायद्यात २०३० साठीची उद्दिष्टं आहेत: वर्षाला लागणाऱ्या मालाच्या १० टक्के खाणकाम संघात, ४० टक्के प्रक्रिया संघात, २५ टक्के पुनर्वापरातून. आणि प्रक्रियेच्या कुठल्याही टप्प्यावर एकाच बाहेरच्या देशाकडून ६५ टक्क्यांहून जास्त नको. टप्प्यावर, म्हणजे खाण वेगळी मोजा आणि टाक्या वेगळ्या मोजा. हा एक शब्द मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

पण जास्तीचे पैसे कोण भरणार, हे त्या उद्दिष्टांत नाही. टाक्यांचा कारखाना काढणाऱ्याला भाषण नको असतं, त्याला दहा वर्षं ठरलेल्या भावाने माल घेणारा गिऱ्हाईक हवा असतो. बँकही तेच मागते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने माउंटन पासच्या नव्या मालकांशी, एमपी मटेरियल्सशी, करार केला. त्यात चुंबकांना लागणाऱ्या नियोडिमियम-प्रेसिओडिमियमला किलोमागे ११० डॉलरचा तळभाव, म्हणजे किमान भाव, दहा वर्षांसाठी बांधून दिला, तेव्हाच्या बाजारभावापेक्षा बराच वर. मॉलिकॉर्प ज्या खड्ड्यात पडली तोच हा खड्डा बुजवणं आहे. याउलट, २०२२ च्या अमेरिकी कायद्यात विजेवरच्या गाडीला ७,५०० डॉलरची करसवलत होती, तिचा अर्धा भाग बॅटरीतली खनिजं मित्रदेशांची असतील तरच मिळे. जपानने तर त्यासाठी मार्च २०२३ मध्ये खास खनिज करार केला. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. ज्या कारखान्याचं कर्ज पंधरा वर्षांचं आहे त्याने तीन वर्षांच्या धोरणावर कसं विसंबायचं?

सर, तुम्हाला युरोपचा कोळसा आणि पोलाद समुदाय ठाऊकच आहे. १९५१ चा पॅरिस करार, सहा देश. त्याच्याकडे आजच्या खनिज करारांत सापडत नाहीत अशा दोन गोष्टी होत्या. एक, स्वतःची तिजोरी: कोळसा आणि पोलादाच्या उत्पादनावर थेट आकारणी करून त्यातून बंद पडणाऱ्या खाणींतल्या कामगारांना नवं काम शिकायला मदत दिली जाई. दोन, मुदत: करार ५० वर्षांचा होता आणि २००२ मध्ये तो मुदत भरूनच संपला.

इंडोनेशियाने कच्च्या निकेलची निर्यात बंद करून स्वतःचे कारखाने उभे केले. इतर गरीब देशांनीही हेच करावं का?
— स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक वाचक

दगड विकून पुन्हा त्याचीच वस्तू महागात घ्यायची, हे कुठल्याही देशाला बोचणारच, म्हणून इंडोनेशियाच्या मागणीत मला न्याय दिसतो. त्यांनी २०१४ मध्ये बंदी घातली, २०१७ मध्ये सैल केली, जानेवारी २०२० पासून पुन्हा पक्की केली. युरोपीय संघ व्यापार संघटनेत गेला, नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाविरुद्ध लागला, त्यांनी त्या बंद पडलेल्या मंडळाकडे अपील केलं आणि विषय थांबला. आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल त्यांच्या खाणींतून निघतं आणि सुलावेसी बेटावर मोरोवालीसारखी अख्खी औद्योगिक नगरं उभी आहेत.

पण उत्तरपत्रिकेत पुढचंही लिहा. त्या कारखान्यांतलं भांडवल आणि तंत्र मोठ्या प्रमाणात चिनी आहे, वीज कोळशाची आहे. एवढा माल आला की भाव पडले, आणि ऑस्ट्रेलियातला बीएचपी या खाण कंपनीचा निकेल उद्योग ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबवावा लागला. म्हणजे बंदी घालणारा देश वर चढला, पण जगातली पुरवठादारांची संख्या कमीच झाली. शिवाय ज्याच्याकडे जगाचा मोठा हिस्सा आहे त्यालाच हे साधतं. काँगोकडे कोबाल्टचा सुमारे ७० टक्के वाटा आहे, म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्यात थांबवून ऑक्टोबरपासून कोटे लावणं त्याला जमलं. पाच टक्केवाल्याने दार लावलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं. अशा छोट्या देशांनी एकत्र येऊन एकच सामायिक शुद्धीकरण कारखाना काढला तर त्यात मला जास्त अर्थ दिसतो.

चिप बनवायला लागणाऱ्या गॅलियम या धातूवर इतकी ओरड आहे, तर दुसरा देश गॅलियमची खाण का काढत नाही?
— एक वाचक

कारण गॅलियमची अशी खाण नसते. बॉक्साइटमध्ये ते लाखात काही भाग इतकंच असतं. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, काढताना जे कॉस्टिक द्रावण कारखान्यात पुन्हा पुन्हा फिरतं, त्यात ते साठत जातं आणि तिथून वेगळं करतात. नव्या गॅलियमपैकी सुमारे ९८ टक्के चीनमधून येतं, कारण तिथल्या ॲल्युमिना कारखान्यांनी ती जोडणी बसवून ठेवली आहे. जर्मनीत स्टाडे इथेही गॅलियम काढत, ते परवडेना म्हणून २०१६ मध्ये थांबलं. बॉक्साइटवर चालणारा ॲल्युमिनाचा कारखाना कुठल्याही देशात असो, त्याच्या नळांतून हे द्रावण आजही वाहतं आहे. जस्ताच्या कारखान्यांत जर्मेनियमचं तेच. इथे खाणीपेक्षा खूप कमी पैशांत काम होईल. फक्त त्या जोडणीतून निघालेला माल घेईन असं कुणी लिहून दिलं पाहिजे.

सरकारांनी तेलासारखा या धातूंचा साठा का करू नये? आणि जुन्या यंत्रांतली चुंबकं परत का वापरत नाहीत?
— एका लघुउद्योगाची मालकीण

जपान १९८३ पासून दुर्मिळ धातूंचा साठा करतो, सर्वसाधारण उद्दिष्ट ६० दिवसांच्या वापराचं. ६० दिवस म्हणजे दुसरा पुरवठादार शोधायला मिळालेली उसंत, त्यापलीकडे काही नाही. आणि साठा कुठल्या रूपात आहे हे बघावं लागतं. ऑक्साइडची पोती असतील पण धातू आणि मिश्रधातू करणारी भट्टी जवळ नसेल, तर त्या पोत्यांचं चुंबक होणार नाही. तयार चुंबकं ठेवावीत तर लेप खराब झाला की ती गंजतात, आणि दोन वर्षांत डिझाइन बदलून आकारच निकामी होतो. तुमच्या आवाक्यातलं सांगायचं तर मिश्रधातूचे न घडवलेले ठोकळे पुरवठादाराकडे तुमच्या नावाने ठेवून घ्या, आणि जुना वापरून नवा भरत राहा. आम्ही २०१२ नंतर तेच केलं.

जुन्या चुंबकांचं म्हणाल तर ती मोटरीच्या पोटात चिकटवलेली असतात. काढायला मोटर तापवून चुंबकत्व घालवावं लागतं, मग फोडावं लागतं. शिवाय आज भंगारात येणाऱ्या गाड्या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या आहेत, तेव्हा विजेवरच्या गाड्या होत्या किती? मात्र चुंबक घासून आकार देताना जो गाळ निघतो तो लगेच हाती येतो आणि त्यात काय आहे ते नेमकं माहीत असतं. एका पुरवठादाराच्या कारखान्यात मी तो पिंपांत भरलेला पाहिला होता. तो परत पाठवायचा नियम आम्ही पुढे खरेदीच्या करारातच घातला. तुमच्या पुढच्या पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, तेवढं एक कलम घालून बघा, भावातही थोडी सूट मागता येते.